पाला, तुरटी आणि बोअरचं पाणी: झुडपांच्या पानांनी कापड रंगवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला जी झुडपं आपसूक उगवतात, त्यातल्या बऱ्याच जणींच्या पानांत कापडाला धरणारा रंग असतो. तो काढणं सोपं आहे, कापडावर टिकवणं अवघड. म्हणून इथे पाल्यापेक्षा कापडाच्या तयारीबद्दल जास्त वाचायला मिळेल. बहुतेक प्रश्न रंगकाम शिकायला आलेल्या बायकांनी आणि शेतकऱ्यांनी विचारलेले आहेत, आणि त्यांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

हिरव्या पानातून हिरवा रंग का येत नाही?

पानाचा हिरवेपणा हरितद्रव्याचा असतो. ते पाण्यात धड विरघळत नाही आणि कापडावर चढलंच तर उन्हात चार दिवसांत उडतं. पानं उकळल्यावर पाण्यात उतरतात ती दुसरी द्रव्यं. त्यातली फ्लेव्होनॉइड पिवळ्या छटा देतात आणि टॅनिन बदामी, तपकिरी. त्यामुळे दहातल्या आठ झुडपांचं उत्तर पिवळा, खाकी किंवा मातकट असंच असतं. अस्सल हिरवा हवा असेल तर कापड आधी निळीत बुडवायचं, मग त्यावर पिवळा चढवायचा. उलटं केलं तर निळीच्या पिंपातला चुना खालच्या पिवळ्याला खराब करतो.

आमच्याकडे मिळणारी कोणती झुडपं घ्यावीत?

सुरुवात तरवडापासून करा. नवरात्राच्या सुमारास पिवळ्या फुलांनी डवरलेला असतो, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, आणि पाऊस दगा देऊन गेला तरी हा उभा असतो. तरवडाच्या सालीत भरपूर टॅनिन असतं. कातडी कमावायला ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे. आपल्याला साल सोलायची गरज नाही, कारण त्याने झाड मरतं. पाला पुरतो. तुरटीवर, म्हणजे आधी तुरटी लावलेल्या कापडावर, तरवडाचा पाला फिकट पिवळसर बदामी देतो आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, दिला की करडा.

अडुळसा खोकल्यासाठी परसात लावलेला असतोच. त्याची पानं उकळून पिवळा रंग काढण्याची पद्धत जुनी आहे. सुती कापडावर माझ्या मते सगळ्यात स्वच्छ पिवळा हाच. भांड्यात वास उग्र येतो, पण कापड वाळल्यावर राहत नाही.

घाणेरी, म्हणजे कुणी टणटणी म्हणतात ती, अमेरिका खंडातून शोभेसाठी आली आणि सगळी रानं बळकावून बसली. हिचा पाला हवा तेवढा तोडा, कुणी हरकत घेणार नाही. तुरटीवर हिरवट पिवळा, हिराकसावर मेंदीच्या वाटलेल्या लगद्यासारखा शेवाळी. मात्र उकळलेला चोथा गुरांपुढे टाकू नका. घाणेरी खाल्ल्याने जनावरांचं यकृत बिघडतं आणि त्यानंतर उन्हाने त्यांची कातडी सोलवटते.

निर्गुडी फिकी आहे. पिवळसर खाकीच्या पुढे जात नाही. पण निर्गुडीची राख रंगकामात क्षार म्हणून वापरत आलेले आहेत, त्यामुळे काड्या चुलीत घातल्या तर राख टाकू नका.

डाळिंब लोक फळझाड समजतात, पण ते झुडूपच. सालीचा मोहरीसारखा पिवळा सगळ्यांना माहीत आहे. पानं तसाच, जरा हलका रंग देतात. बहार धरताना पानगळ केली की बागेत पाल्याचा खच पडतो आणि तो न्यायचा मोह होतो. पण पानगळीसाठी इथ्रेलची फवारणी झालेली असते, शिवाय आधीची कीडनाशकं असतात. घरच्या परसातलं, न फवारलेलं झाड असेल तरच त्याची पानं घ्या.

तुतीही यात मोडते. बीड आणि जालना जिल्ह्यांत रेशीमशेती वाढली तशी बांधाबांधावर तुती दिसू लागली. कोवळा पाला अळ्यांचाच, त्याला हात लावायचा नाही. छाटणीनंतर उरलेला जून पाला घ्यायचा. रेशमावर तो हलका पिवळा उतरतो. ज्या पानांवर किडे वाढले त्याच पानांनी त्यांचं रेशीम रंगवायचं, हा योग मला फार आवडतो.

बंगल्याच्या कुंपणाची मेंदी चालेल का?

ती मेंदी आहे का, ते आधी बघा. कात्रीने चौकोनी छाटलेली बरीच हिरवी कुंपणं कडू मेंदीची किंवा ड्युरांटाची असतात. पान थोड्या पाण्यात चुरडून तळहातावर अर्धा तास ठेवा. हात केशरी झाला तर खरी मेंदी. तिच्यातला लॉसोन लोकरीवर आणि रेशमावर छान केशरी तपकिरी बसतो. सुतावर मात्र तो खाकीच होतो, लग्नातल्या हातासारखा लाल नाही.

कोणत्या झुडपांना हात लावू नये?

रुई, कण्हेर, धोत्रा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायबंदी होऊ शकतो. कण्हेरीचं सगळं अंग विषारी आहे. तिच्या काड्या चुलीत सरपण म्हणूनही घालू नका. गाजरगवत झुडूप नाही, पण लोक विचारतात म्हणून सांगते: त्याने अंगाला खाज आणि पुरळ येतं, रंगासाठी ते गोळा करत बसण्यात काही अर्थ नाही.

कोणतं कापड घ्यावं?

सूत, रेशीम, लोकर, ताग चालतील. पॉलिस्टर, टेरिकॉट आणि दुकानातली ‘सिल्क’ म्हणून मिळणारी बहुतेक स्वस्त ओढणी चालणार नाही. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख मऊ पडते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, जिथे राष्ट्रध्वजाचं कापडही तयार होतं. तिथली साधी पांढरी खादी सरावाला उत्तम. हातसूत असल्याने रंग पितं. धनगरांच्या घोंगडीची लोकर मुळातच काळी किंवा तपकिरी असते, तिच्यावर पानांचा रंग दिसायचा नाही. पांढरी लोकर वेगळी मागून घ्यावी लागेल.

सगळं सांगितल्यासारखं केलं, तरी सुती कापड पहिल्याच धुण्यात फिकं का पडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर जवळजवळ दर वेळी तेच असतं: कापड तयार न करता रंगात टाकलं. बाजारातून आणलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते आणि सुताला त्याचं स्वतःचं मेणही असतं. या दोन्ही गोष्टी पाण्याला आत शिरू देत नाहीत. कापडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्के धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून कापड तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळं झालं की समजा मळ निघतोय. कापड झालं का, हे बघायला वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब क्षणात पसरला पाहिजे. वर मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा.

त्यानंतर हिरडा. लोकर आणि रेशीम प्रथिनांचे धागे आहेत, ते तुरटी थेट धरतात. सूत तसं धरत नाही. सुताला आधी टॅनिन लागतं, मग त्या टॅनिनला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. कापडाच्या वजनाच्या वीस टक्के हिरडापूड, म्हणजे पाचशे ग्रॅमच्या साडीला शंभर ग्रॅम, रात्रभर भिजवायची, गाळायची आणि त्या पाण्यात कापड तासभर तरी ठेवायचं. मग पिळायचं, पण धुवायचं नाही. तसंच पसरून वाळवायचं. कापड पिवळट दिसेल, घाबरू नका.

तिसरी पायरी तुरटीची. तीही झाल्यावर एक दिवस कापड वाळत ठेवलं तर फायदाच होतो. या तीन पायऱ्यांना दोन-तीन दिवस जातात आणि रंगाला अर्धा दिवस. शिकायला येणाऱ्यांचा उत्साह नेमका उलटा असतो. सगळ्यांना भगुण्यापाशी उभं राहायचं असतं, हिरडा कुटायला कुणी पुढे येत नाही.

तुरटी किती घ्यायची? हिराकस आणि मोरचूद?

सुताला कापडाच्या कोरड्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के तुरटी, रेशीम-लोकरीला दहा-बाराने भागतं. सुताच्या वेळी तुरटीच्या पाण्यात तिच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा धुण्याचा सोडा घाला, त्याने आंबटपणा मरतो. सोडा टाकताच फसफसून वर येतं, म्हणून मोठं भांडं घ्या. वाण्याकडचा दाढीचा खडाही चालतो, फक्त कुटून गरम पाण्यात पूर्ण विरघळवा.

हिराकस दोन ते चार टक्के, त्याहून जास्त अजिबात नको. लोहाने रंग गडद आणि पक्का होतो, पण जास्त झालं तर धागा कुजतो. हिराकस लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आम्ही वापरत नाही. डाळिंबाला, द्राक्षाला बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांच्या घरी तो असतो आणि हिरवट छटाही देतो, पण ते तांबं शेवटी पाण्यात आणि मातीत जातं. एका छटेसाठी एवढं कशाला?

पाल्याचा रंग काढायची नेमकी रीत काय?

ओला पाला कापडाच्या दोन ते चार पट वजनाचा, वाळलेला असेल तर कापडाएवढा. पानं तोडून, चुरून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी मंद जाळावर तासभर शिजवा. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो, म्हणून सोबत एखादं जाड लाकूड हवं. पाणी गाळा. गाळणं टाळलं तर पानांचे तुकडे कापडाला चिकटून डाग पडतात. तयार कापड ओलं करून, पिळून या कोमट रंगात सोडा आणि हळूहळू तापवत तासभर हलवत राहा. सुताला उकळी चालते. रेशमाला उकळी दाखवू नका, त्याची झळाळी जाते. लोकर एकदम गरमातून गारात टाकली की आटून जाड होते. शेवटी कापड त्याच पाण्यात थंड होऊ द्या.

भगुणं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत सगळे रंग काळवंडतात, अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्यानेही छटा हलते. त्या भगुण्यात परत कालवण करायचं नाही.

बोअरच्या पाण्याने रंग बिघडतो का?

बिघडतोच असं नाही, पण बदलतो. आपल्याकडे काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. साबणाला फेस येत नाही, चहाच्या भांड्याला पांढरं पुट चढतं. त्यातला चुना काही पिवळ्यांना चांगला उठाव देतो. अडुळसा अशा पाण्यात चांगला खुलतो असा माझा अनुभव आहे. पण पाण्यात लोह असेल तर प्रत्येक पिवळा मातकट होणार आणि तुम्ही तुरटीला दोष देत बसणार. पाण्यात लोह आहे का, हे कळायला हिरड्याचं थोडं पाणी त्यात ओता. निळसर काळी झाक आली तर लोह आहे. मग पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी पिवळ्या रंगांसाठी राखून ठेवा आणि बोअरचं पाणी करड्या, शेवाळी रंगांना वापरा.

पाणी इतकं लागतं, तर दुष्काळी भागात हा उद्योग करावाच का?

प्रश्न रास्त आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात रंगाची भगुणी मांडताना हिशोब करायलाच हवा. कापडाच्या वजनाच्या वीस पट पाणी धरलं, तर अर्ध्या किलोच्या साडीला एका वेळी दहा लिटर. खळ काढणं, हिरडा, तुरटी, रंग आणि मधली-शेवटची धुणी धरून साठ लिटर सहज जातं.

ते कमी करता येतं. तुरटीचं पाणी एकदा वापरून फेकू नका. पुढच्या कापडाला त्यात निम्मी तुरटी वाढवली की भागतं. रंगाच्या एका पाण्यात पहिलं कापड गडद, दुसरं मध्यम, तिसरं फिकं निघतं आणि तिन्ही विकली जातात. शेवटचं धुण्याचं पाणी पुढच्या पाल्याच्या भिजवणीला घ्या. एकेक ओढणी वेगळी रंगवण्यापेक्षा पाच-सहा एकदम रंगवा. आणि चैत्र-वैशाखात मोठं काम काढूच नका. त्या दिवसांत हिरडा लावून ठेवलेलं कापड घडी करून कपाटात राहू द्या, त्याला काही होत नाही.

निळा रंग कोणत्या पानातून निघतो?

निळीच्या झुडपाच्या. हे तूर-शेवरीच्या कुळातलं लहान झुडूप, त्याला गुलाबी फुलं येतात. पान चुरडलं तरी निळं काही दिसत नाही, कारण पानात नीळ नसते, इंडिकन नावाचं बिनरंगी द्रव्य असतं. फुलोरा यायच्या सुमारास फांद्या कापून ताबडतोब पाण्यात दाबून ठेवायच्या. उकाड्यात दहा-पंधरा तासांत पाणी हिरवट पिवळं होतं, वर निळसर तवंग येतो. मग पाला काढून, चुना घालून, ते पाणी घुसळायचं. हवा मिसळत जाते तसा फेस निळा होतो, आणि नंतर निळा गाळ तळाला बसतो. शंभर किलो ओल्या पाल्यातून किलोभरही नीळ निघत नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे एकराचे मनोरे बांधले जाणार नाहीत.

ही नीळ पाण्यात विरघळत नाही. विरघळवायला पिंप लावावं लागतं: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळसाखर. गूळही चालतो, वेळ जास्त घेतो. तेलंगण-आंध्रात चुन्याच्या पिंपात तरोट्याचं बी शिजवून घालतात. तरोटा आपल्याकडे पावसाळ्यात उकिरड्यापर्यंत माजलेला असतो, भाजी करून उरला की शेंगा पिकू द्या. पिंप तयार झालं की आतलं पाणी पिवळट हिरवं आणि वर तांब्यासारखी साय दिसते. कापड बाहेर काढलं की हिरवं असतं आणि बघता बघता हवेने निळं होतं. याला ना हिरडा लागतो, ना तुरटी.

पांढऱ्या कपड्यांना द्यायची दुकानातली नीळ ही नव्हे, तिने कापड रंगत नाही. आणि नीळ विकत घेताना ‘नैसर्गिक’ या शब्दावर जाऊ नका. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली, तेव्हापासून दोन्ही नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कठीणच आहे.

आणि लाल?

पानांतून नाही. लाल मुळांत असतो: मंजिष्ठा आणि बारतोंडी, जिला आल म्हणतात. सागाची कोवळी पानं चुरडली की हात लाल होतो खरा, पण कापडावर तो तपकिरीकडे झुकतो.

अजिंठ्याच्या चित्रांत असेच पानांचे रंग वापरलेत ना?

नाही. पर्यटकांना असं छातीठोक सांगितलं जातं, पण ते रंग खनिज आहेत: गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती, आणि निळ्यासाठी बाहेरून आलेला लाजवर्द दगड. मातीचे कण भिंतीवर बसतात. पानाचा रंग धाग्याच्या आत शिरतो. ही दोन वेगळी कामं. पैठणच्या पैठणीचं आणि छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचं विचाराल, तर जुन्या काळी झाडपाल्याचेच रंग होते. आज मागावर चढणारं बहुतेक रेशीम रासायनिक रंगातलं असतं. विणकराला दोष देण्याचं कारण नाही. एकाच छटेचा धागा पुन्हा पुन्हा हवा असतो आणि पाला तो शब्द देत नाही.

रंग पक्का आहे हे कसं ओळखायचं?

रंगवलेल्या कापडाची पट्टी घ्या, अर्धी पुठ्ठ्याने झाका आणि थेट ऊन येईल अशा जागी दोन आठवडे ठेवा. मे महिन्यात आठवडाही पुरे. मग दोन्ही अर्धी शेजारी धरा. दुसरी पट्टी पांढऱ्या सुतावर टाचून साबणाने धुवा, पांढऱ्यावर डाग उतरतो का बघा. तिसरीवर लिंबाचा एक आणि सोड्याच्या पाण्याचा एक थेंब. टॅनिनचे बदामी आणि हिराकसाचे करडे रंग बहुधा टिकतात, पानांचे पिवळे उन्हाला कमी टिकतात. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा. रिठ्याच्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. पांढरेपणाची हमी देणारी पावडर लागली की सोड्याने पिवळ्याची छटाच बदलते. हिराकसाच्या कापडावर चिंचेचं सार सांडलं तर तिथे फिकट डाग राहणार.

पाला कधी तोडावा?

श्रावणापासून दिवाळीपर्यंत. सावलीत वाळवून पोत्यात भरला तर वर्षभर चालतो. बुरशी लागलेला टाकून द्या. तोडताना एका झुडपाचा तिसरा हिस्साच घ्या, घाणेरी सोडून.

मागच्या वेळचीच छटा पुन्हा का येत नाही?

पाऊस वेगळा, पान वेगळं, पाणी वेगळं. वजनं लिहून ठेवलीत तर जवळपास पोचता येतं. प्रत्येक भगुण्याचा एक चिंधीचा तुकडा वहीत टाचा आणि शेजारी पाल्याचं, तुरटीचं वजन आणि पाणी कुठलं ते लिहा. मोठी मागणी असेल तर सगळं कापड एकाच पाण्यात रंगवा.

बचत गटाला यातून पैसे मिळतील का?

मिळतात, पण साडीपासून सुरुवात करू नका. मोठ्या कापडावर एकसारखा रंग बसवणं सगळ्यात अवघड, आणि एक डाग पडला की सगळं गेलं. रुमाल, ओढणी, बाळाची दुपटी घ्या. भाव ठरवताना बायका पाला फुकटचा म्हणून सोडून देतात आणि स्वतःची मजुरीही त्याच्याबरोबर सोडतात. पाला तोडणं, हिरडा कुटणं, पाणी वाहणं, जळतण, सगळ्या तासांना गावातल्या खुरपणीच्या रोजाने पैसे लावा आणि मग कापडाची किंमत मिळवा. आलेला आकडा जिल्ह्याच्या बाजारात जड वाटेल. तेव्हा नमुने घेऊन पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत जावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न रंगाचा नसतो, ‘एकसारखे पन्नास नग कधी द्याल’ हा असतो. त्याचं उत्तर वहीत बघून द्या.